मळखाऊ रंगाचे अभ्रे

१२ जून

'जावईबापू' असं लिहून खोडलं आहे. खोडलेलं दिसतंय ना? दिसू दे. तू जावई होतास तोवर मी तुला अहो-जाहो केलं, तुझ्या शिळ्या विनोदांना हसले, तुझा चहा बिनसाखरेचा आहे हेही लक्षात ठेवलं. जावईपण तू आपल्या हातांनी सोडून गेलास, त्याबरोबर अहो-जाहोही गेलं. आता तू.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. इतक्या वर्षांत तुझी एकही मीटिंग संपल्याचं माझ्या ऐकिवात नाही. म्हणून पत्र. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, रागात पत्र लिहायचं असेल तर तारीख आधी घाला, म्हणजे मागाहून 'मी असं म्हटलंच नव्हतं' असं म्हणता येत नाही. तारीख घातली आहे.

तुझ्या मुलीच्या उजव्या डोळ्यातून रक्त येतं.

हे वाक्य पुन्हा वाच. मी अलंकारिक लिहीत नाही, मला ते जमत नाही आणि आवडतही नाही. अश्रू येतात तसे, त्याच कोपऱ्यातून, लाल. दुखत नाही. डोळा लाल होत नाही. दोन-चार थेंब येतात, गालावरून उतरतात आणि थांबतात. कधी जास्त येतं, तेव्हा टॉवेल घ्यावा लागतो.

तिला घरात आम्ही मासोळी म्हणतो. तू गेलास तेव्हा ती बादलीतल्या पाण्यालासुद्धा भ्यायची. आता ती तेरा वर्षांची आहे आणि पोहण्याच्या तलावावरच्या मुलींच्या संघात आहे. संगीत लावतात आणि आठ मुली पाण्यात एकसाथ गिरक्या घेतात, डोकं खाली पाय वर करून उभ्या राहतात. बघायला सुंदर दिसतं. तू पाहिलेलं नाहीस.

पहिल्यांदा रक्त आलं ते तलावाच्या काठावर. तिने पाण्यात घालायचा चष्मा काढला आणि शेजारची मुलगी किंचाळली. मी वरच्या बाकावर बसले होते. खाली पोचेपर्यंत कोणीतरी मोबाईलवर चित्रण करून मोकळं झालं होतं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या शाळेने पाहिलं होतं. काहींना चमत्कार वाटला, काहींना भुताटकी. तिच्या प्रशिक्षक बाईंना काय वाटलं ते ऐक. बाईंच्या गळ्यात कायम शिट्टी असते आणि त्या बोलतातही शिट्टीसारख्याच.

"आजी, स्पष्ट सांगते. हे नाटक आहे. स्पर्धा जवळ आली की मुलींना काही ना काही होतंच."

"डोळ्यातून रक्त होतं?"

"लाल रंग दुकानात मिळतो."

"मिळतो हे तुमच्या नखांवरून कळलंच," मी म्हटलं. "पण माझी नात तुमच्या दुकानात जात नाही."

मासोळीला त्यांनी 'पुढची सूचना मिळेपर्यंत' संघाबाहेर बसवलं आहे. ती रोज पोहायचे कपडे पिशवीत भरते आणि रोज परत कपाटात ठेवते. बोलत नाही. बोलली असती तर मला हे पत्र लिहायला एवढी घाई वाटली नसती.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण आहेत, गोड बोलतात. पहिल्यांदा त्यांनी तो थेंब काचपट्टीवर घेऊन तपासायला पाठवला. खरंच रक्त निघालं. त्याची प्रत मी शिट्टीवाल्या बाईंना नेऊन दिली. मग पापण्या उलट्या करून पाहिल्या, आत जखम आहे का, खडा रुतलाय का, गाठ आहे का. काही नाही. डोळा आलेला नाही. डोळ्याच्या कोपऱ्याशी अश्रूंची एक बारीक पिशवी असते, ती दाबून पाहिली. तिच्यातून काही आलं नाही. रक्तदाब मोजला. काही औषधं चालू आहेत का विचारलं. महिन्याच्या दिवसांतच येतं का, असं विचारलं तेव्हा तिचे कान लाल झाले. तेही कारण असू शकतं म्हणे, क्वचित. पण तारखा जुळल्या नाहीत.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "या वयात पुष्कळदा कारण सापडतच नाही. आपोआप थांबतं."

"कारण न सापडणं आणि कारण नसणं, या दोन गोष्टी आहेत," मी म्हटलं.

मग त्यांनी आवाज खाली घेतला. "घरी काही ताण? वडील कुठे असतात?"

"मीटिंगमध्ये."

त्यांना म्हणायचं होतं की ती स्वतःच टोचून घेत असेल. बाप सोडून गेलेल्या मुली असं करतात म्हणे. करत असतील. ही करत नाही. तीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले आहेत मी. खोटं बोलणारा माणूस खूप तपशील सांगतो. ही पोर फक्त म्हणते, "आजी, मला माहीत नाही."

आता कामाचं. डॉक्टरांनी एक प्रश्न असा विचारला ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही. घरात कोणाला रक्त लवकर न थांबण्याचा त्रास आहे का? आमच्या बाजूच्या तीन पिढ्यांचं मी सांगितलं. तुमच्या बाजूचं तू सांग. एवढंच हवंय. बाकी तुझ्याकडून काही नको.

उत्तर खालच्या पत्त्यावर, माझ्या नावाने पाठव. तो पत्ता शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंचा आहे. आमची पत्रपेटी मोडली आहे.

तुझ्या मुलीची आजी

२ जुलै

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षा होती, हा माझ्या वयाचा दोष.

मधल्या काळात मी तिला नाकाच्या डॉक्टरणीकडे नेलं. डोळ्याच्या तक्रारीसाठी नाकाची डॉक्टर, हे लेकीला पटत नव्हतं. मला पटलं, कारण डोळेवाल्यांचं सगळं बघून संपलं होतं आणि मला नुसतं बसून राहता येत नाही. या बाई पन्नाशीच्या असतील. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. खुर्ची फिरवून सरळ मासोळीकडे वळल्या.

"कधी येतं गं?"

"पाण्यातून बाहेर आल्यावर."

"दर वेळी?"

"नाही. उलटं उभं राहायचा सराव असला की."

"उलटी उभी असताना नाकात पाणी नाही जात?"

"चिमटा असतो ना."

"कसला चिमटा?"

मासोळीने पिशवीतून काढून दाखवला. तारेचा, दोन्ही बाजूंना रबराची टोकं. नाकपुड्या घट्ट दाबून धरतो. संघातल्या सगळ्याच मुली लावतात. डॉक्टरणीने तो हातात घेऊन दोनदा दाबून बघितला.

"नाकातून रक्त येतं का कधी?"

पोरीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. कधी कधी आपण दिसेनासं होणं हीच मदत असते.

"येतं," ती म्हणाली.

"घरी सांगितलंस?"

"नाही. घरी कळलं की बाईंना कळणार. एका मुलीच्या नाकातून रक्त वाहिलं होतं, बाईंनी तिला काढलं. पाणी घाण होतं म्हणाल्या. म्हणून मग नाक वाहायला लागलं की मी पटकन चिमटा लावते. थांबतं."

"थांबत नाही, बाळा," डॉक्टरीण म्हणाल्या. "वळतं."

मग त्यांनी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं. ते मी तुला शब्दांत सांगते, कारण तुझी मुलगी आहे आणि तुला कळायला हवं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून एक बारीक नळी खाली नाकात उतरते. आपण रडलो की नाक वाहतं ते त्यामुळे. पण तो रस्ता एकेरी नाही. नाकात रक्त सुटलं, पुढचं दार चिमट्याने बंद केलं, वर माणूस उलटा टांगला, तर रक्त जाईल कुठे? नळीतून उलटं चढतं आणि डोळ्यात येतं.

भूत नाही, चमत्कार नाही, नाटक नाही आणि बापाच्या विरहाचं दुःखही नाही. तुझ्यासाठी कोणी रक्ताचे अश्रू ढाळत नव्हतं. तेवढा गैरसमज असेल तर काढून टाक.

नाकात दुर्बीण घालून पाहिलं. नळी जिथे नाकात उघडते तिथेच शेजारी रक्तवाहिन्यांचा एक लालबुंद फुगवटा आहे. स्कॅनच्या चित्रांमध्येही तोच दिसला. साधा आहे, वाईट जातीचा दिसत नाही, पण काढावा लागेल. काढला नाही तर तिचं नाक असंच वाहत राहणार आणि तिला पुन्हा पाण्यात उतरू देणार नाहीत. काढायचा तर डोळ्याच्या शेजारी सुरी चालवायची.

आणि इथेच अडलं. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासलं, तर रक्त गोठायला लागणारा एक घटक तिच्यात काठावर आहे. धड कमी म्हणता येत नाही, धड पुरेसा म्हणता येत नाही. तो आकडा रोज बदलतो. माणूस घाबरला की वाढतो, आणि मासोळी सुईला जाम घाबरते, म्हणजे खरा आकडा आणखी खाली असू शकतो. डॉक्टरीण म्हणाल्या, "अशा वेळी घराण्याचा इतिहास आकड्यापेक्षा जास्त सांगतो. वडिलांकडचं कळल्याशिवाय मी हात लावणार नाही. डोळ्यामागे रक्त साठलं तर नजर जाऊ शकते."

नजर. उजव्या डोळ्याची.

आता तरी लिही. दात काढताना, बाळंतपणात, शस्त्रक्रियेत, कोणाचं रक्त थांबेना असं झालं होतं का? 'हो' किंवा 'नाही'. पोस्टकार्डावर मावेल.

आजी

१९ जुलै

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं तर. 'आमच्या घरात कोणालाही रक्ताचा कसलाही आजार नाही. कृपया पुन्हा त्रास देऊ नये.' छापील कागदावर, खाली सही. मला वाटलं वीज तोडायची नोटीस आली.

तुझं ते 'नाही' मी डॉक्टरणीला कळवलं नाही. अशी 'नाही' मी हजारांनी वाचली आहेत. कुटुंबात कोणाला आजार? नाही. नाही. नाही. आणि मग बारकाईने विचारावं तर चार काका चाळिशीत छाती धरून गेलेले. माणसं खोटं लिहीत नाहीत. त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

तेव्हा मी तुझ्या आईकडे गेले.

हो, न सांगता. दोन गाड्या बदलून. तुझ्या आईला मी शेवटची पाहिली ती तू घर सोडलंस त्यानंतर, वकिलाच्या जिन्यात. तेव्हा आम्ही एकमेकींना जे बोललो ते अजून माझ्या लक्षात आहे आणि तिच्याही असणार. तिने दार उघडलं, मला पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही? कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. आत येऊ का?"

आत बोलावलं. चहा ठेवला. तुझ्या आईचं घर म्हणजे लष्कराची छावणी आहे, बशीवरची कपाची दांडीसुद्धा उजवीकडेच. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि टेबलावरचे न पडलेले कण पुसत होती.

"आमच्या घरात रोगराई नाही, विहीणबाई. माझ्या वडिलांनी नव्वदीत दाराची चौकट तासली."

"रोगराई नाही विचारत. रक्त विचारते."

"रक्त तर आमच्याकडे चांगलंच असतं. भरपूर."

"भरपूर म्हणजे?"

"म्हणजे असं की दात काढला तर उशी भिजणारच. दोन-दोन दिवस. आता ते सगळ्यांचंच असतं."

"नसतं."

"काय नसतं?"

"सगळ्यांचं. माझ्या चार दाढा काढल्या. कापसाच्या एका बोळ्यात भागलं."

तुझी आई माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मी पैशांसाठी खोटं बोलतेय. "एका बोळ्यात? मग रात्री काय करता?"

"झोपते."

ती उठली. आतल्या खोलीत गेली आणि कपाट उघडून हाक मारली. मी गेले. खालच्या कप्प्यात उशांचे अभ्रे होते, सगळे एका रंगाचे, गडद तपकिरी. मळखाऊ. धुऊन, घडी घालून, एकावर एक. मला ते ओळखीचे वाटले. लग्नात तुझ्याबरोबर असेच सहा अभ्रे माझ्या लेकीकडेही आले होते. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, काय ही आवड! लेकीने त्यातल्या एकात वाळत घातलेल्या कपड्यांना लावायचे चाप भरून ठेवले आहेत.

"हे मला आईने दिले," तुझी आई म्हणाली. "तिला तिच्या आईने. आमच्याकडे मुलीला, सुनेला देतातच. दाताला, बाळंतपणाला, महिन्याच्या दिवसांना. पांढरं कापड वाया जातं म्हणून. मला वाटायचं सगळ्याच घरांत असतात. लोक पांढरे अभ्रे फक्त पाहुण्यांना काढतात असंच मी समजत होते."

पंचाहत्तर वर्षांची बाई आहे ती. पंचाहत्तर वर्षं तिला वाटत होतं की जगात सगळ्यांकडे असे अभ्रे असतात.

मग मी माझ्या जुन्या नोकरीतल्यासारखे प्रश्न विचारत गेले. आई? महिन्यातले दहा दिवस अंथरुणाला. "तिची प्रकृतीच तशी." मावशी? नाक वाहिलं की घमेलं घ्यायची. "उष्णता." थोरली बहीण?

तुझी आई पलंगावर बसली. "ती पहिल्या बाळंतपणात गेली. रक्त थांबलं नाही. पण तेव्हा जायच्याच बायका."

मी तिच्या शेजारी बसले.

"विहीणबाई, कोणी हे असं विचारलं असतं, तर ती..."

"मी डॉक्टर नाही," मी म्हटलं. तिने एक अभ्रा उलगडला, मांडीवर सपाट केला, पुन्हा त्याची घडी घातली. रडली नाही. आमच्या वयाच्या बायकांना रडायला लावणं सोपं नाही.

"आणि तुमचा मुलगा?" मी विचारलं.

"त्याची अक्कलदाढ काढली तेव्हा तीन दिवस दवाखान्यात होता. मला म्हणाला, कोणाला सांगू नकोस, मित्र हसतील. मुलगा ना."

तर असं. तू खोटं लिहिलं असतंस तर मला बरं वाटलं असतं. खोट्याशी कसं भांडायचं ते मला येतं. पण तू ते खरं समजून लिहिलंस. तीन दिवस दवाखान्यात पडून राहिलास आणि तुझ्या हिशेबी तो आजार नव्हताच, कारण तो सगळ्यांना होता. एक अख्खं घराणं आपलं दुखणं कापडाच्या रंगात लपवत आलं आणि त्याला व्यवस्थितपणा म्हणत आलं. या बाबतीत तुम्ही सगळे कमालीचे हुशार आहात.

डॉक्टरीण सांगतात, हा दोष बापाकडूनही येतो. मुलगा-मुलगी बघत नाही. बायकांत जास्त दिसतो, कारण बायकांना दर महिन्याला परीक्षा असते.

तुझी आई रक्त तपासून घेणार आहे. मी तिला सोबत जाणार आहे. ती मला नको म्हणाली, मग किती वाजता ते विचारलं.

आजी

२८ जुलै

आज तुला लिहायला मी आपणहून बसलेली नाही, घरातल्या गोंधळाने बसवलं आहे.

तुझी आई काल आमच्याकडे आली. दार लेकीने उघडलं. आमची पत्रपेटी मोडलेली नाही, आणि लेकीला यातलं काही माहीत नव्हतं, हे तुझ्या एव्हाना लक्षात आलं असेलच. त्या दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या आणि मी स्वयंपाकघरात, हातात झारा.

"तुम्हाला इथे कोणी बोलावलं?" लेक म्हणाली.

"कोणी नाही. हे घे." तुझ्या आईने तपासणीचा कागद पुढे केला. "माझं कमी आलंय. पुष्कळ कमी. हे मला आधी ठाऊक असतं तर तुला सांगून सून केली असती. ठाऊक नव्हतं. आता भांडायचं असेल तर भांड, पण पोरीच्या डॉक्टरला हा कागद आधी दे."

लेक माझ्याकडे वळली. "आई, तू त्याला पत्रं लिहिलीस?"

"लिहिली."

"मी नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. तुझा अपमान मी भरून देईन. तिचा डोळा मला भरून देता येणार नाही."

ती खोलीत गेली, दार आपटलं. बिजागरी बघून घ्यावी लागेल. मासोळी मात्र तुझ्या आईसमोर येऊन उभी राहिली. तिने तिला ओळखलंसुद्धा नसेल. तुझ्या आईने विचारलं, "तुझं पण नाक वाहतं?" ती म्हणाली, "तुमचं पण?" आणि मग त्या दोघी नाकाबद्दल अशा बोलत बसल्या की मला कोणी विचारेना. किती वेळ येतं, गिळलं की पोट कसं ढवळतं, शाळेत काय करायचं. पोर इतक्या महिन्यांत एवढं बोलली नव्हती.

अर्ध्या तासाने लेक बाहेर आली, कागद घेतला आणि फाईलला लावला.

आता तुझी पाळी. तुझ्या आईचं कमी, मुलीचं काठावर, आणि मधला पूल तू. तुझं रक्त कळलं की नक्की काय उतरलं आहे आणि कोणतं औषध लागू पडेल, याचा डॉक्टरणीला अंदाज बांधता येतो. कोणत्या तपासण्या करायच्या ते त्यांनी लिहून दिलंय, सोबत जोडते आहे. सकाळी जा. अर्ध्या तासाचं काम आहे. तुला रक्त बघवत नाही हे मला माहीत आहे. मान वळव. त्यात तुझा हात धरणारा कोणी नाही.

आणि पुढे कधी दाढ काढायची वेळ आली तर डॉक्टरला आधी सांग. हे मी का लिहितेय मला ठाऊक नाही. लिहिलं आहे तर असू दे.

आजी

३० ऑगस्ट

तुझा कागद आला तो वेळेवर आला. तुझंही कमी आहे. डॉक्टरीण तो वाचून म्हणाल्या, "चला, आता अंधारात नाही." आधी दंडातून औषध देऊन त्यांनी मासोळीचा आकडा वर चढवून बघितला. चढला. मग तारीख धरली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी बाहेर बाकापाशी आम्ही तिघी होतो. लेक उभीच होती. तुझ्या आईने पिशवीतून एक मळखाऊ अभ्रा काढला, 'असू दे, लागला तर' म्हणून. मी म्हटलं, "आत ठेवा तो. नाही लागणार." तिने ठेवला, पण पिशवीची चेन उघडीच ठेवली. डॉक्टरीण बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात छोटी बाटली होती आणि तळाशी मसुराएवढं काहीतरी. एवढंसं. यासाठी पोरीला संघातून काढलं, तिला नाटकी म्हटलं, तिच्या आईच्या नशिबाला बोल लावला.

"रक्त?" तुझ्या आईने विचारलं.

"दात काढताना येतं तेवढंही नाही आलं."

"कोणाचा दात?" तुझी आई म्हणाली, आणि आम्ही तिघी हसलो. लेकसुद्धा.

डोळा ठीक आहे. नजर ठीक आहे. त्यानंतर एकही लाल थेंब नाही.

शिट्टीवाल्या बाईंकडे मी जाणार होते. भाषण तयार होतं, त्यातले दोन शब्द सिस्टरांनी ऐकले असते तर मला वर्गाबाहेर काढलं असतं. पण मासोळी म्हणाली, "आजी, तू बाकावर बस." ती एकटी गेली. मला ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलली. "बाई, मला एक आजार आहे, त्याला नाव आहे. आता नाक वाहिलं तर मी सांगणार, बाहेर बसणार, आणि थांबलं की परत येणार. चिमटा लावून लपवणार नाही. काढायचं असेल तर आत्ताच काढा." बाईंनी शिट्टी तोंडाशी नेली, पण वाजवली नाही. म्हणाल्या, "सोमवारपासून ये." माफी मागितली नाही. मी ती वसूल करणार आहे, सवडीने. पाणी घाण होतं म्हणून काढलेल्या त्या दुसऱ्या मुलीच्या घरीही मी जाऊन आले. तिच्या आईला म्हटलं, रक्त तपासून घ्या, आणि पोरीला परत पाठवा.

तुझ्या कागदाबरोबर चिठ्ठी होती, दोन शब्दांची. 'येऊ का?'

मला विचारायचं कारण नाही. लेकीला विचारायचं धाडस तुला नाही. म्हणून मी ती चिठ्ठी जिची होती तिच्या हातात दिली. मासोळीने ती वाचली, उलटून मागे काही आहे का बघितलं, मागे काही नव्हतं. चिठ्ठी पोहायच्या पिशवीत ठेवली. काल कपडे पिशवीत भरता भरता म्हणाली, "स्पर्धेला येऊ दे. पण वरच्या गॅलरीत बसायचं. मी हात केला तरच खाली यायचं. नाही केला तर तसंच जायचं, आणि चिडायचं नाही."

हे तिचे शब्द आहेत, मी एक अक्षर बदललेलं नाही. ती हात करेल की नाही ते मला माहीत नाही. कर असं मी तिला सांगणार नाही. करू नको असंही सांगणार नाही. तुझ्यासाठी मी एवढंच करू शकते आणि हेही तुझ्या लायकीपेक्षा जास्त आहे.

स्पर्धेचा दिवस आणि वेळ खाली लिहिली आहे. वेळेवर ये. आणि पहिल्या रांगेत जागा शोधू नकोस. तिथे मी आणि तुझी आई बसणार आहोत.

आजी